काळमेघांकडचा केर

"कोन पाह्यजे?"

दार चार बोटं उघडलं होतं आणि त्या फटीतून एक तरुण बाई माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या खोक्याकडे बघत होती.

"नारायणराव काळमेघ इथंच राहतात ना? त्यांनी प्रदर्शनात आमचं कूपन भरलं होतं. मी डस्टोमॅट कंपनीतून आलेय, शैला मोंडकर. आज चारला यायचं ठरलं होतं."

"बाबांनी भरलं?" ती जरा घुटमळली. मग दार पूर्ण उघडून म्हणाली, "बसा. चहा ठेवतो मी. आई देवाजवळ बसल्या आहेत."

एवढं बोलून ती आत गेली. ती कुंदा, काळमेघांची सून. ती आणखी एक वाक्य बोलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण मी तिला दोष देत नाही. रडून तिचे डोळे सुजले होते आणि मला वाटलं, उन्हानं.

१९८७ सालचा एप्रिल होता, गाव अमरावती. मी तेवीस वर्षांची होते, देवगडची होते आणि तोंडानं तिखट होते. व्हॅक्यूम क्लीनर घरोघर नेऊन चालवून दाखवायचा आणि विकायचा, ही माझी नोकरी, तीही कच्ची. महिनाअखेरपर्यंत तीन मशिनं गेली तर पक्की होणार, नाहीतर परत देवगड. देवगडला बाबांनी माझ्यासाठी एक आंब्याचा व्यापारी हेरून ठेवला होता. तो निर्व्यसनी आहे, एवढंच त्याच्याबद्दल सगळे सांगत. दोन मशिनं गेली होती. महिना संपायला चार दिवस उरले होते आणि तिसऱ्या मशिनाची सगळी आशा या काळमेघांवर होती, कारण त्यांनी कूपनावर नुसतं नाव-पत्ता लिहिला नव्हता. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "पत्नीला झाडताना दमा उसळतो. लवकर यावे." असं गिऱ्हाईक मागून मिळत नाही.

आमच्या प्रशिक्षणाचं पुस्तक मुंबईच्या कुणा साहेबांनी लिहिलं होतं. त्यात पहिलंच कलम होतं, घरात शिरल्यावर खिडकीपाशी जा, कारण घरातली सगळी धूळ खिडकीतून येते. आता मुंबईच्या माणसाची खिडकी म्हणजे बाहेर काढलेला लोखंडी पिंजरा, त्यात तुळस, कांदे-बटाटे आणि वाळत घातलेले टॉवेल. पुण्याला महिनाभर होते, तिथल्या खिडक्यांना डासांची जाळी, आणि जाळीआडून 'आत्ता वेळ नाही' असं सांगणारा आवाज. आमच्या देवगडची खिडकी सगळ्यात भली. माणूस मांडी घालून बसेल एवढी रुंद, लाकडी गजांची. घरातलं कुणी मुंबईला निघालं की सगळ्या बायका त्या खिडकीत जमतात आणि एसटी वळणाआड गेली तरी हलत नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्याला खिडकी बघूनच कळतं, यांच्याकडचं आज कुणीतरी गेलं.

अमरावतीच्या खिडक्या काहीच सांगत नाहीत. होळी झाली की प्रत्येक खिडकीत कूलर चढतो. गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंनी त्या पत्र्याच्या पेट्यांच्या पाठी दिसतात, वाळा भिजल्याचा वास येतो आणि खाली पाणी ठिबकत असतं. आत लग्न आहे की भांडण, बाहेर पत्ता लागत नाही. मी आले तेव्हा काळमेघांच्या खिडकीतही कूलरच होता, ढरढर चालणारा.

बैठकीत मी एकटी उरले. दिवाण, दोन लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात उंच हिरवं कपाट. या कपाटाला तिकडे सगळे गोदरेज म्हणत, मग ते गल्लीतल्या वेल्डरनं का बनवलेलं असेना. तिकडे धुण्याची कुठलीही पावडर निरमा होती, आमच्याकडे तीच सर्फ. भाड्याच्या खोलीची मालकीण मला पहिल्या दिवशी म्हणाली होती, "बाई, निरमा आनाल तं सर्फच आना, कापड चांगलं निंघते." मी हसून लोटपोट झाले होते, आणि तिला कळेना मी का हसतेय.

तर त्या बैठकीत जमिनीवर बघून मला अगदी भरून आलं. चिवड्याचे कण, शेंगदाण्याची टरफलं, तांदळाचे चार-पाच दाणे, उंबऱ्याजवळ चपलांचे मातीचे ठसे आणि दह्याचा वाळत आलेला एक ठिपका. एरवी प्रात्यक्षिकासाठी मला पुडीतून कचरा न्यावा लागे. इथे आयता अंथरून ठेवला होता. धंद्यानं माझे डोळे कसे झाले होते बघा. दह्याचा ठिपका बघून कुठल्याही मराठी घरातल्या पोरीला जे कळायला हवं ते मला कळलं नाही. मला फक्त कचरा दिसला.

तीन मिनिटांत बटण दाबा, गिऱ्हाइकाला 'नको' म्हणायला उसंत देऊ नका, हेही त्या पुस्तकातच होतं. मी प्लग लावला आणि बटण दाबलं. कूलरच्या आवाजात मशिनाचा आवाज मिसळून गेला. उंबऱ्यापासून सुरुवात केली, दिवाणाखालून फिरले, चिवडा गेला, टरफलं गेली, ठसे गेले. जमीन कशी लख्ख झाली. मी स्वतःवर खूश होऊन मागे वळले, तर देवघराच्या दारात एक थोराड बाई जपमाळ हातात तशीच धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय करून राहिली व तू?"

मी बटण बंद केलं. "नमस्कार काकू! मी डस्टोमॅटमधून..."

"केर काढला?" त्या आत वळून ओरडल्या, "कुंदा! कुंदा व! हिनं केर काढला!"

कुंदा चहाचा कप घेऊन धावत आली. जमिनीकडे बघितलं आणि तिच्या हातातला चहा बशीत सांडला.

"बाबा आत्ता तीनला गेले," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मुंबईला. हृदयाचं ऑपरेशन आहे त्यांचं. हे सोबत गेले."

हे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझा दादा मुंबईला गेला की आई संध्याकाळपर्यंत केरसुणीला हात लावत नसे. घरातून माणूस निघाल्यावर लगेच केर काढतात तो एकाच वेळी, जेव्हा ते माणूस परत येणार नसतं तेव्हा. आणि मी ऑपरेशनला गेलेल्या माणसाच्या चपलांचे ठसेसुद्धा ठेवले नव्हते.

"काकू, मला माहीत नव्हतं हो. देवाशप्पथ नव्हतं माहीत." मी रडकुंडीला आले. आणि मग तोंडानं तिखट असण्याचा जन्मात पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला. "पण काकू, केर काढलेला नाहीये! केर घराबाहेर कुठं गेलाय? हा बघा, या पिशवीत आहे. जमिनीवरून उचलून पिशवीत ठेवलाय फक्त. घरातच आहे तो."

वत्सलाकाकू, नाव मला मागाहून कळलं, हळूहळू मशिनाजवळ आल्या. वाकून बघितलं. बोटानं पिशवी चाचपली.

"याच्यात हाये?"

"सगळा याच्यात. म्हणाल तर आत्ता उघडून परत होता तसा पसरते."

"अन् याच्या आंधी कोनाच्या घरी गेलती तू?"

आता खोटं बोलायची हिंमत नव्हती. "राजापेठेत एका वकिलांकडे. आणि सकाळी कॅम्पात."

"म्हंजे वकिलाचा कचरा बी याच्यातच."

"हो."

काकूंनी विचार केला.

"मंग उघडू नको," त्या म्हणाल्या. "लोकाचा कचरा माह्या घरात नको, अन् आमचा लोकाच्या घरी नको. मशीन हाये तशी राहू दे इथंच. ते पोचले, तब्येत बरी हाये, असा निरोप आला का मंग ने."

"काकू, मशीन कंपनीचं आहे. माझ्याकडे हे एकच आहे. याच्याशिवाय मला दुसऱ्या घरी जाताच येणार नाही. महिनाअखेर आहे, नोकरी जाईल माझी."

काकू फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी हात जोडले असते किंवा शिव्या दिल्या असत्या, तर मी मशीन उचलून चालू पडले असते. मला राग पचतो. पण त्या नुसत्याच बघत राहिल्या.

मी प्लग काढला, वायर गुंडाळली आणि मशीन गोदरेजच्या शेजारी कोपऱ्यात उभं केलं.

"निरोप आला की नेईन," मी म्हणाले.

संध्याकाळी नागपूरला आमच्या पाठारे साहेबांना फोन केला. मशीन गिऱ्हाइकाकडे ठेवलंय म्हटल्यावर ते खूश झाले, विकलं गेलं असं वाटून. खरं कळल्यावर म्हणाले, "मोंडकर, तुला डोकं आहे का? कचरा टाक कुठंतरी गटारात आणि मशीन उचल. तीस तारखेला मला आकडा पाहिजे." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. दार उघडंच होतं. काकू दिवाणावर बसल्या होत्या आणि कोपऱ्यात माझ्या मशिनावर एक धुतलेला पंचा पांघरलेला होता.

"आला निरोप!" कुंदानं दारातच सांगितलं. "वाण्याकडे फोन आला होता सकाळी. सुखरूप पोचले."

"अरे वा! मग नेऊ?" मी विचारलं, आणि माझं मलाच लाजल्यासारखं झालं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "आपरेशन उद्या हाये."

मी खुर्चीत बसले. बाहेर कूलरचं पाणी ठिबकत होतं.

"चहा घेशीन?" काकूंनी विचारलं.

"घेईन."

त्या दुपारी मी तिथं दोन तास बसले. धंद्याच्या हिशेबानं हा शुद्ध गाढवपणा होता, पण मशिनाशिवाय जाणार तरी कुठं? काकू मोकळेपणी बोलल्या. काळमेघ कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्र दिसलं की ते उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. खिडकीतला कूलर त्यांनी स्वतः जोडलेला, ट्रान्झिस्टर चार वेळा उघडलेला. "घड्याय उघडलं तं दोन पुर्जे उरले," काकू म्हणाल्या, "मी म्हटलं हे काय, तं म्हंतात कंपनीनं उगीच टाकले होते. अन् घड्याय चालते आजलोक!" आम्ही तिघी हसलो. मग काकूंनी पंचा जरासा उचलून मशीनकडे बघितलं.

"हे पाह्यलं असतं तं लगेच उघडलं असतं त्याइनं."

"त्यांनी तुमच्यासाठी मागवलं होतं," मी म्हणाले. पर्समधलं कूपन काढून त्यांना वाचून दाखवलं. पत्नीला झाडताना दमा उसळतो, लवकर यावे.

काकूंनी ऐकलं. "मले नाही सांगतलं," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे टिपत आत गेल्या. कुंदानं मला हळूच विचारलं, आमच्याकडे समुद्र रोज दिसतो का. मी म्हटलं, खिडकीतून दिसतो. तिला ते खरंच वाटेना.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच मला चपलांचा ढीग दिसला. काळमेघांच्या खिडकीतला कूलर बंद होता. त्या गल्लीत पहिल्यांदाच एका खिडकीवरून मला काहीतरी कळलं.

मी परत फिरणार होते. खरंच सांगते, चार पावलं मागे फिरलेही होते. मशीन गेलं चुलीत, नोकरी गेली चुलीत, त्या घरात तोंड दाखवायचं नाही, असं ठरवलं होतं. पण कुंदाच्या लहान मुलीनं मला दारातून बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, "आजी, मशीनवाली बाई आली!"

आत शिरले. बैठक बायकांनी भरली होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ मोकळं होतं. ऑपरेशन व्हायच्या आधीच पहाटे गेले होते. सगळं तिकडेच उरकून मुलगा अस्थी घेऊन निघाला होता.

मी दाराशीच खाली बसले. बायका माझ्याकडे बघत होत्या, मग कोपऱ्यातल्या पंचा घातलेल्या मशिनाकडे, मग परत माझ्याकडे. एका म्हाताऱ्या बाईनं, त्या काळमेघांच्या थोरल्या बहीण होत्या, गळा साफ केला.

"हेच का ते पोट्टी?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"माह्या भावाचा पाय घराबाहीर पडला नाही तं हिनं मांगून केर काढला म्हंते. कुंदानं सांगतलं मले. इतक्या मोठ्या पोट्टीले कळत नाही? तुह्या मायनं काही शिकवलं नाही का व?"

मी मान खाली घातली. त्या म्हणत होत्या त्यातला शब्द न् शब्द मला गेले तीन दिवस स्वतःच ऐकू येत होता. आता तो चारचौघांत बोलला गेला आणि मी तो कबूल करणार होते. तोंड उघडलंही होतं.

"आक्का," काकू म्हणाल्या. आवाज घोगरा होता पण ऐकू येईल असा. "कोनी केर काढला नाही."

"अवं, कुंदा म्हंते..."

"कुंदा चहा मांडून राहिली होती. तिनं काय पाह्यलं? लाईट कुठं होती त्या दिवशी? सोमवारी चारले लाईट जाते हे तुले ठाऊक हाये. पोरगी आली, मशीन ठेवली, लाईट नाही म्हून तशीच बसून राहिली. तुह्या भावानं मागवली होती मशीन, म्हून मी म्हटलं, राहू दे, येतीन तेव्हा पाहातीन." त्यांनी दम घेतला. "माह्या घरात काय झालं ते मले ठाऊक नाही का?"

कुंदा आतल्या दारात उभी होती. तिनं एकदा सासूकडे बघितलं. "हाव," ती म्हणाली. "लाईट नव्हती. माझंच चुकलं सांगण्यात."

आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. विषय संपला.

थोड्या वेळानं काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "मशीन घेऊन जाय आता," त्या हळू म्हणाल्या.

"काकू," मला रडू आवरत नव्हतं. "काकू, तुम्हाला वाटतं का हो, माझ्यामुळे?"

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. एवढं सगळं केल्यावर माणूस नाहीच म्हणेल ना? पण काकूंना फुकटचं गोड बोलता येत नव्हतं.

"वाटते व," त्या म्हणाल्या. "कधी वाटते, कधी नाही वाटत. मी जुन्या काळची. पन तुले वाटू देऊ नको. मी घरात बसनार हाये, माह्यापाशी राहीन ते. तुले अजून लय घरायच्या आत जायचं हाये."

मी मशीन उचललं. पिशवी तशीच भरलेली होती. बाहेर आले आणि रिक्षात बसल्यावर हमसून हमसून रडले. त्या दिवशी मला आईची जशी आठवण आली, तशी नंतर कितीही दूर गेले तरी आली नाही.

दुसऱ्या दिवशी तीस तारीख. पाठारे साहेबांनी सकाळी फोनवर एक पत्ता दिला, बडनेऱ्याचा. रेल्वेतल्या एका कारकुनाचं घर, बाईंना मशीन हवंच होतं, नुसतं जाऊन दाखवायचं होतं. "हे गेलं तर तू पक्की," साहेब म्हणाले. "घोळ घालू नकोस."

मी पिशवी बदलली होती. चारच्या सुमारास पोचले. हसतमुख बाई होत्या, हातातलं काम टाकून दार उघडलं.

"या, या! वाटच पाहून राहिली होती मी. त्या बाजूनं प्लग हाये पाहा."

बैठक पसरलेली होती. खिडकीत कूलर ढरढरत होता. पुस्तकाप्रमाणे माझी तीन मिनिटं सुरू झाली होती. मी वायर हातात घेतली, आणि तशीच थांबले.

"ताई, एक विचारू? आज घरातलं कुणी गावाला गेलंय का?"

"हाव!" त्यांना नवल वाटलं. "आत्ता दोनच्या गाडीनं पोट्टा गेला पुण्याले, शिकाले. पयल्यांदाच गेला. तुमाले कसं समजलं? पन तुमी करा तुमचं काम. हे काय झाडू थोडीच हाये?"

मी वायर परत गुंडाळली.

"नको ताई," मी म्हणाले. "तो पोचू दे. मी उद्या येते."